माळाचं दप्तर

पावसाळा सरता सरता इंदापूरकडच्या माळावर तासभर हिंडून या. पँटच्या पायांवर, मोज्यांत, बुटांच्या नाड्यांत कुसळं भरलेली असतील. ती उपटत बसण्याआधी एक जपून काढा, तळहातावर ठेवा आणि बाटलीतल्या पाण्याचा थेंब त्यावर सोडा. पीळ घातलेली ती काळपट शेपटी सावकाश हलते आणि मग गोल फिरायला लागते. लहानपणी आम्ही हा खेळ थुंकी लावून करायचो. रात्री दंव पडलं की शेपटी एका बाजूला फिरते, उन्हं तापली की उलट फिरते. दर फेऱ्याला टोकाशी असलेलं सुईसारखं बी थोडं थोडं मातीत उतरत जातं. वाऱ्याची, पाखराची, बैलाच्या नांगराची वाट न बघता कुसळी स्वतःची पेरणी स्वतः करते.

माझ्यासोबत पुण्याचा एक संशोधक विद्यार्थी होता. त्याच्याकडे प्लॅस्टिकच्या पाइपची एक मीटर बाय एक मीटर चौकट, एक वही आणि शिसपेन्सिल, एवढीच सामग्री. चौकट जमिनीवर टाकायची, आत किती जातींचं गवत आहे, कुठल्या गवतानं किती जागा धरली आहे, मोकळी माती किती, हे लिहायचं. मग पुढची जागा. पहिल्या चौकटीत अकरा जाती निघाल्या. कुसळी होती, पवन्या होता, मारवेलाचे दोन ठोंब होते. गवताच्या बुडख्यात नीट बघितलं तर विष्णुक्रांतेचं निळं फूल, नखाएवढं.

तेवढ्यात मेंढरं घेऊन एक म्हातारे धनगरबाबा आले. काठीवर हनुवटी टेकून बराच वेळ बघत राहिले.

“काय मोजतुयास, पोरा?”

“गवत मोजतोय, बाबा.”

“मग? भरलं का किती?”

“या चौकटीत अकरा प्रकारचं आहे.”

बाबांनी चौकटीत पाहिलं. “ह्यातलं चार मेंढरू खातंय. बाकीचं सात तुझ्या वहीला.”

विद्यार्थी हसला, पण त्यानं ते वहीत लिहून घेतलं. तो हे काम पुढे टिकवणार, असं मला तेव्हा वाटलं. अडचण त्याच्या चिकाटीची नव्हतीच. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती. इथं पाऊस कसाबसा पाचशे मिलिमीटर, तोही दरवर्षी वेगळा. एका वर्षी दुष्काळ, एका वर्षी परतीच्या पावसानं कहर, एक वर्ष बरं. तीन वर्षांत तीन वेगळे माळ दिसतात आणि त्यातला खरा कुठला, हे तीन वर्षांत कळत नाही.

गवताचं हेच दुखणं आहे. झाड उभं असतं, त्याचा घेर मोजता येतो, तोडलं तर बुंधा साक्षीला राहतो. गवत दरवर्षी मरतं आणि दरवर्षी उगवतं. दहा वर्षांपूर्वी इथं काय होतं, याचा पुरावा ते मागे ठेवत नाही. ठेवायचा तर कुणीतरी मुद्दाम ठेवावा लागतो.

असा पुरावा मुद्दाम ठेवलेली जगातली सर्वांत जुनी जागा इंग्लंडमध्ये आहे. लंडनच्या उत्तरेला हार्पेन्डन नावाचं गाव आहे आणि तिथं रॉथॅम्स्टेड हे शेतीसंशोधन केंद्र. त्याच्या आवारातल्या सात एकरांच्या कुरणावर १८५६ साली एक प्रयोग सुरू झाला. ‘पार्क ग्रास’ हे त्याचं नाव. तो अजून चालू आहे. आपल्याकडे सत्तावन्नचा उठाव व्हायचा होता तेव्हापासून.

सुरू करणारे दोघे. जॉन बेनेट लॉझ हा जमीनदार आणि कारखानदार. हाडांवर आणि फॉस्फेटच्या खडकावर आम्ल टाकून त्यानं सुपरफॉस्फेट खत बनवलं आणि १८४२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. दुसरा जोसेफ हेन्री गिल्बर्ट, रसायनशास्त्रज्ञ. दोघांनी सत्तावन्न वर्षं एकत्र काम केलं. प्रश्न अगदी साधा, व्यापारी होता: कुठलं खत टाकलं तर गवताचं, म्हणजे चाऱ्याचं उत्पन्न वाढेल? कुरणाचे वाफे पाडले. एकाला काहीच नाही, एकाला शेणखत, एकाला नत्र, एकाला पालाश-स्फुरद, एकाला सगळं. जूनच्या मध्याला कापणी करायची, वजन करायचं, लिहायचं. पहिली एकोणीस वर्षं कापणीनंतर मागे उरलेल्या गवतावर मेंढ्या सोडत. १८७५ पासून मेंढ्यांऐवजी दुसरी कापणी.

उत्पन्नाचं उत्तर लवकर मिळालं. त्याच वेळी न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तरही समोर येऊन उभं राहिलं. दोन-तीन वर्षांतच शेजारशेजारचे वाफे इतके वेगळे दिसायला लागले, की जणू प्रत्येकात वेगळं बियाणं पेरलंय. पेरलेलं तर काहीच नव्हतं. ज्या वाफ्याला काही दिलं नाही, तिथं आजही पस्तीस-चाळीस जाती नांदतात, उत्पन्न मात्र बेताचं. अमोनियम सल्फेटच्या रूपात भरपूर नत्र दिलेल्या वाफ्यांत माती इतकी आंबट झाली की दोन-तीन जातीच उरल्या. त्या वाफ्यांत गांडुळं नाहीत, म्हणून मेलेलं गवत कुजत नाही आणि जमिनीवर त्याची चटई साचत जाते. कुंपण नाही, भिंत नाही. फक्त गोणी वेगळी.

खताच्या गोणीनं भरभरून पीक येतं हे सगळ्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. तीच गोणी रोपट्यांच्या जाती हाकलते, हे मात्र त्या सात एकरांनी दाखवलं. ज्याच्या वाट्याला जास्त अन्न, तो उंच होतो आणि खालच्यांचं ऊन खातो.

रॉथॅम्स्टेडची खरी श्रीमंती मात्र कुरणात नाही, कोठारात आहे. दरवर्षीच्या कापणीतलं थोडं गवत, थोडं धान्य, थोडी माती वाळवून, बाटलीत भरून, चिठ्ठी लावून ठेवायची, ही सवय त्या दोघांनी लावली. तिथल्या सगळ्या प्रयोगांचे मिळून आज सुमारे तीन लाख नमुने त्या कोठारात आहेत. ठेवताना त्यांचा उपयोग काय होईल, हे ठेवणाऱ्यांना माहीत असणं शक्यच नव्हतं. पुढे लोकांनी त्या बाटल्या उघडल्या. एकांनी वाळलेल्या गवतात प्लुटोनियम शोधलं आणि १९५२-५३ मध्ये अमेरिकेच्या नेवाडा वाळवंटात केलेल्या अणुचाचण्यांची धूळ इंग्लंडच्या चाऱ्यापर्यंत पोचली होती, हे त्यातून दिसलं. दुसऱ्यांनी दीडशेहून अधिक वर्षांच्या गव्हाच्या नमुन्यांतून बुरशीचे जनुक काढले. गव्हावरच्या दोन रोगांपैकी कुठला केव्हा वरचढ होता, हे कारखान्यांच्या धुरातल्या गंधकाच्या चढउताराशी जुळलं. गवताची पहिली बाटली भरणाऱ्या गड्याच्या जन्मात ना अणुबाँब होता ना जनुक हा शब्द.

आकड्यांचंही तसंच. सत्तर-पाऊणशे वर्षांच्या वह्या साचल्यावर त्यातून काही अर्थ निघतो का, हे बघायला १९१९ मध्ये एका तरुण गणितज्ञाला बोलावलं. तो रोनाल्ड फिशर. त्या ढिगाशी झटापट करताना त्यानं जी पद्धत घडवली, ती आज जगभरच्या शेतीप्रयोगांची बाराखडी आहे. ती आपल्यापर्यंत कशी आली, हे मला फार आवडतं. विनायक गोविंद पानसे लंडनमध्ये फिशरच्या हाताखाली शिकले. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे साताऱ्याच्या बुध गावचे, म्हणजे खटावच्या कोरड्या मुलखातले. तेही लंडनमध्येच संख्याशास्त्र शिकले. दोघांनी मिळून लिहिलेलं शेतीसंख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ मध्ये आलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते घोकलं. इंदापूरच्या माळावर तो विद्यार्थी चौकट टाकण्याआधी कागदावरच्या आकड्यांवरून जागा ठरवत होता, मनाला येईल तिथं टाकत नव्हता. ती शिस्त त्या कुरणातून आलेली आहे.

एवढ्यावर थांबलो तर पार्क ग्रासची गोष्ट फारच गुळगुळीत होईल. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात सीडर क्रीक नावाचं संशोधनक्षेत्र आहे. डेव्हिड टिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तिथंही गवताला नत्र द्यायला सुरुवात केली. तिथंही जाती घटल्या. काही वाफ्यांचं नत्र दहा वर्षांनी बंद केलं आणि वाट पाहिली. वीस वर्षं गेली. गेलेल्या जाती परतल्या नाहीत. रॉथॅम्स्टेडमध्ये मात्र १९८९ पासून काही वाफ्यांच्या अर्ध्या भागाचं नत्र तोडलं, त्याच काळात हवेतून पडणारं नत्रही कमी झालं, आणि तिथं विविधता बरीचशी सावरली.

एकच औषध, दोन रोगी, दोन निकाल. संशोधक एका फरकाकडे बोट दाखवतात. पार्क ग्रासवर दरवर्षी गवत कापून बाहेर नेलं जातं. म्हणजे साचलेलं नत्रही गाडीत बसून बाहेर जातं आणि खालच्या रोपट्यांना ऊन मिळतं. सीडर क्रीकच्या त्या वाफ्यांत वाळलेलं गवत जागीच पडून राहिलं. मला हे वाचताना काठीवर हनुवटी टेकलेले बाबा आठवले. गवताला कुणीतरी खाणारं किंवा कापणारं लागतं. कुणीच आलं नाही तर ते स्वतःखाली गुदमरतं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी ओरबाडलं तर मुळासकट जातं. त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे उभं राहायचं, हे मेंढपाळ पायांनी ठरवतात. दिवाळीच्या सुमारास वाडा हलतो, कोकणात उतरतो, पावसाच्या तोंडावर पुन्हा देशावर चढतो.

सीडर क्रीकची दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची. गवतांची दोन घराणी मानतात. एक गहू-भाताच्या वळणाचं, दुसरं ज्वारी-उसाच्या वळणाचं. दुसऱ्या घराण्याला कमी कार्बन वायूतही अन्न बनवण्याची युक्ती साधलेली असते. आपल्या माळावरची कुसळी, मारवेल, पवन्या ही सगळी त्याच घराण्यातली. पाठ्यपुस्तक सांगतं की हवेत कार्बन वायू वाढला तर गहू-भाताचं घराणं फोफावेल, ज्वारी-उसाच्या घराण्याला फारसा फरक पडणार नाही. पीटर राइश आणि त्यांच्या चमूनं मिनेसोटात मोकळ्या हवेत वाफ्यांवर जादा कार्बन वायू सोडून हे तपासलं. पहिली बारा वर्षं पाठ्यपुस्तक बरोबर निघालं. नंतरच्या आठ वर्षांत उलटं झालं! ज्वारीवाल्यांनी मुसंडी मारली, गहूवाले थंडावले. २०१८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. प्रयोग दहाव्या वर्षी गुंडाळला असता तर सगळ्यांनी चुकीचं उत्तर छातीठोकपणे सांगितलं असतं. तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीनं तर बिचाऱ्यानं काय सांगावं?

आता इंदापूर. या तालुक्याच्या नशिबी मोजणी फार जुनी आहे. मुंबई इलाख्याची जी जमीन महसूल मोजणी पुढे सगळीकडे नमुना ठरली, ती गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघांनी १८३५ च्या सुमारास इथूनच सुरू केली. मातीची खोली किती, रंग कसा, चुनखड आहे का, यावरून जमिनीची प्रत आण्यांत ठरवायची. त्या मोजणीत चूक नव्हती. तिला हवं ते तिनं मोजलं. ज्या जमिनीतून पीक निघत नाही ती हिशेबाबाहेर. आजही सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ असा रकाना आहे. शब्द नीट ऐका: पोटात खराब. माळाला सरकारदरबारी मिळालेलं हे नाव. ‘पडीक’ आणि त्याचं इंग्रजी भावंड ‘वेस्टलँड’ त्याच कुळातलं.

नाव पडलं की उपाय ठरतो. खराब आहे ना, मग सुधारा. सुधारायचं म्हणजे झाडं लावायची. २०१६ मध्ये राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, २०१९ चं उद्दिष्ट तेहेतीस कोटींचं होतं. हेतूबद्दल मला शंका नाही. पण एवढे खड्डे खणायला मोकळी जागा कुठे मिळते? जिथं कुणाचा विरोध होत नाही तिथं, माळावर. मी चाललो त्याच वाटेवर एका टेकाडावर ओळीनं खड्डे होते, काहींत वाळकी काटकी, काहींत गिरिपुष्पाची झुडपं. शेजारी पत्र्याची पाटी, तिच्यावरचा आकडा उन्हानं उडालेला. खणलेल्या खड्ड्यांच्या कडेला पवन्या नव्हता. एकदा मुरूम उलथला की जुनं बहुवार्षिक गवत सहजी परत येत नाही. झाडाविरुद्ध बोलणं हे अलीकडे आईविरुद्ध बोलण्यासारखं झालंय, म्हणून स्पष्ट लिहितो: जिथं जंगल होतं तिथं जंगल लावावं. प्रश्न एवढाच आहे की इथं ते होतं का.

शाळेत शिकवलं जायचं, तसं अजूनही पुष्कळांना वाटतं, की देशावर पूर्वी घनदाट अरण्य होतं, ते आपण तोडलं आणि माळ उरला. हे खरं की खोटं? रॉथॅम्स्टेडसारख्या बाटल्या आपल्याकडे नाहीत. पण दप्तर आहे.

आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन मराठी संशोधकांनी हे दप्तर उघडलं. नेर्लेकर गवताळ प्रदेशांतल्या वनस्पतींचे अभ्यासक, पाटील पुण्याच्या आयसरमधले. त्यांनी तेराव्या शतकापासूनचं मराठी वाङ्मय चाळलं. चरित्रं, पोथ्या, लोककथा, ओव्या. त्यातल्या स्थळांसोबत येणारी रानटी झाडंझुडपं टिपली. चव्वेचाळीस जाती सापडल्या, आणि त्यातल्या जवळजवळ दोनतृतीयांश या माळाच्या, सवाना प्रदेशाच्या खुणा सांगणाऱ्या होत्या. अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. पश्चिम महाराष्ट्रातले हे गवताळ प्रदेश निदान साडेसातशे वर्षं तरी जुने आहेत, हा त्याचा निष्कर्ष. म्हणजे इंग्रजांच्या कुऱ्हाडीच्या कितीतरी आधीचे.

हे वाचल्यावर मी कपाळावर हात मारला. आपल्या डोळ्यांसमोर होतं की सगळं! महानुभावांना स्थळाचं वेड. चक्रधरस्वामी कुठे बसले, कुठल्या दिशेला तोंड होतं, कशाखाली थांबले, हे सगळं टिपून ठेवण्याची त्यांची भक्ती एखाद्या क्षेत्रीय वनस्पतीतज्ज्ञाला लाजवील. पंढरपुरात विठ्ठलाच्या देवळात कान्होपात्रेची जागा दाखवतात, तिथं झाड कुठलं सांगतात? तरटीचं. तरटी म्हणजे काटेरी, खुरटी, वाकडीतिकडी. दाट वनातला वृक्ष नव्हे, कोरड्या माळाचा रहिवासी. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्या कथा मेंढरं, घोडी आणि कुरणं यांच्याशिवाय उभ्याच राहत नाहीत. जर्मन अभ्यासक ग्युंथर सोन्थायमर धनगरांच्या वाड्यांवर बसून या ओव्या ध्वनिमुद्रित करत होते, तेव्हा ते धर्माचा अभ्यास करत होते. गवताचाही होत होता. गवताची बाटली भरणाऱ्या गड्यासारखंच, त्यांना ते त्या वेळी कळण्याचं कारण नव्हतं.

ओवीचं वजन करता येत नाही, पोथीतलं झाड एक मीटर चौकटीत मावत नाही, हे मान्य. कवी आवडीचं झाड जास्त वेळा लिहितो. पण हिवर, तरटी, बाभूळ अशी नावं सात शतकं सलग येत असतील, तर ‘इथं अरण्य होतं’ म्हणणाऱ्यानं आता पुरावा द्यायचा आहे. ओझं त्याच्या खांद्यावर गेलंय.

आणि माळ अजून पुरता ओळखलाही गेलेला नाही. द्वीपकल्पीय भारतातल्या अशा गवताळ प्रदेशांत जगात इतरत्र कुठेही नसलेल्या २०६ वनस्पती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या ४३ टक्के गेल्या दोन दशकांत विज्ञानाला पहिल्यांदा कळल्या. एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये केलेल्या नकाशात देशाची जवळपास दहा टक्के भूमी अशा खुल्या नैसर्गिक परिसंस्थांची भरते. संरक्षित क्षेत्रांत त्यातली पाच टक्केही नाही.

आपण संरक्षण केलंच नाही असंही नाही. १९७९ मध्ये सोलापूर-नगर पट्ट्यात माळढोकसाठी अभयारण्य जाहीर झालं, ८,४९६ चौरस किलोमीटरचं. त्यात गावं, बाजारपेठा, तालुक्याची ठिकाणंसुद्धा आली. लोकांना जमिनीचे व्यवहार करता येईनात, आणि ज्या पक्ष्याचं नाव कौतुकानं घ्यायचं ते शिवीसारखं घेतलं जाऊ लागलं. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर माळढोक जवळपास संपला होता. त्या अभयारण्यातल्या नान्नजला आता एखादा दिसला तर ती बातमी होते. कागदावर रेघ मोठी ओढली आणि रेघेच्या आत काय बदलतंय, ते पिढ्यान्‌पिढ्या मोजण्याची सोय लहान ठेवली.

विद्यार्थ्याची शिष्यवृत्ती पुढच्या वर्षी संपते. त्यानं चौकटींच्या कोपऱ्यांवर लोखंडी खिळे ठोकून ठेवलेत, वहीत अंतरं लिहून ठेवलीत. दुसरं कुणी आलं तर नेमकी तीच जागा सापडावी म्हणून. बाबांना त्यानं खिळे दाखवले. बाबा म्हणाले, “ध्यान ठिवतो. पर म्या किती दिस?”

वाचकहो, दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरचा जुना अल्बम खाली काढला असेलच. जेजुरीला, शिखर शिंगणापूरला, वीरच्या यात्रेला काढलेले फोटो त्यात असतील. नवरानवरी, जावळ, नवस फेडणारे आजोबा यांच्याकडे बघून झालं की त्यांच्या खांद्यामागचा डोंगर बघा. उघडा आहे की झाडीचा, गवत कमरेला लागतंय की घोट्याला. जमलं तर यंदा त्याच जागेवर उभे राहून पुन्हा एक फोटो काढा. दोन्ही फोटोंच्या मागे गावाचं नाव, महिना आणि साल लिहा. पेन्सिलनं लिहा, शाई उतरते.